ससेवाल्यांचे प्रश्न

या वेळी सशांवरच इतके प्रश्न आलेत की बाकीचे प्राणी पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न (कोल्हापूर): आमचा ससा संध्याकाळी हॉलभर पळत सुटतो, मधेच हवेत उडी मारून अंगाला असा पीळ देतो की डोकं एकीकडे आणि पाय दुसरीकडे, आणि थोड्या वेळाने धाडकन कुशीवर पडतो. आईला तर वाटलं गेलाच. फिट येत असेल का?

उत्तर: फिट नाही हो, जाम खूश आहे तो! त्या उडीला ससेवाले बिंकी म्हणतात आणि त्या पडण्याला फ्लॉप. ससा म्हणजे कोल्ह्यापासून घारीपर्यंत सगळ्यांची शिकार, त्याने पोट उघडं टाकून, पाय ताणून आडवं व्हायचं म्हणजे या घरात मला कोणी खाणार नाही याची त्याला खात्री पटलीय, आणि ससा पाळणाऱ्याला याहून मोठं सर्टिफिकेट मिळत नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला ससे सगळ्यात जास्त जागे असतात, म्हणून हा तमाशा संध्याकाळी. त्या वेळी मोबाईल ठेवून खाली फरशीवर बसा, मागे लागू नका, तोच येईल आणि तुमच्या पायाभोवती गोल गोल फिरेल. हात मात्र बाजूने न्या, डोळे दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला मागचंसुद्धा दिसतं पण अगदी नाकापुढचं दिसत नाही, त्यामुळे समोरून हात आला की दचकतो. कपाळावरून हळू हात फिरवलात तर दात बारीक कुरकुरतात, कानाला ऐकू नाही आलं तरी बोटांना कळतं, ते सुख म्हणजे सुखच! पण कोपऱ्यात अंग आखडून बसलाय आणि दात मोठ्याने कराकरा वाजवतोय तर ते दुखणं, डॉक्टर गाठा. टेबलाच्या पायाला हनुवटी घासतो ना, तिथे वासाच्या ग्रंथी असतात, हे माझं असं सांगतोय. आणि कुकरच्या शिट्टीला मागचा पाय आपटला तर तो राग नसतो, पळा, धोका आहे असं तो तुम्हालाच सांगतोय. कान धरून मात्र कधीच उचलू नका, मुलांनाही उचलू देऊ नका. घाबरून मागचे पाय झाडले तर पाठीचा कणा मोडू शकतो.

प्रश्न (ठाणे): पहाटे खाली तोंड घालून स्वतःचीच लेंडी खातो. सासूबाई म्हणतात ही घाण घरात नको. सवय कशी मोडू?

उत्तर: मोडू नका, सासूबाईंना हे वाचून दाखवा. सशाच्या लेंड्या दोन प्रकारच्या. गोल, कोरड्या त्या टाकायच्या. दुसऱ्या मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या छोट्या घडासारख्या, त्या आतड्यातल्या जिवाणूंनी गवत आंबवून तयार केलेल्या असतात, त्यात प्रथिनं आणि बी जीवनसत्त्वं असतात आणि ससा त्या थेट तोंडात घेतो. त्या रोज तशाच पडून राहायला लागल्या, अंगाला चिकटायला लागल्या तर समजायचं की खाणं जड होतंय, म्हणजे बिस्किटं, पोळी, फळं, पेलेट (विकतच्या खाद्याच्या गोळ्या) यातलं काहीतरी जास्त. खाण्यातला 80 टक्के भाग गवतच हवं. टिमोथी नावाचं विकतचं गवत महाग पडतं, आपली हरळी उत्तम, पण फवारलेली नको आणि धुऊन द्या. लसूणघास वाढत्या पिल्लांना ठीक, मोठ्यांना रोज नको, कॅल्शियम फार असतं. कोथिंबीर, मुळ्याचा पाला चालेल, गाजर मात्र पेढ्याच्या मापाने. समोरचे दात आठवड्याला 2 ते 3 मिलिमीटर वाढतात आणि सगळे दात झिजायला गवत चावत राहणं हाच उपाय. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे आत अडकलं की अडकलं. 10-12 तास खाल्लं नाही किंवा लेंडीच टाकली नाही तर उद्या बघू म्हणू नका, त्याच दिवशी दवाखाना.

प्रश्न (नागपूर): मे महिन्यात काय करायचं?

उत्तर: 28-30 अंशांच्या वरच त्याला त्रास सुरू होतो, तुमच्याकडे 45 होतं. गच्चीवरचा, गॅलरीतला पिंजरा बंद, ससा आत फरशीवर. कूलर चालेल, थेट झोत अंगावर नको. बाटलीत पाण्याचा बर्फ करून टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा, टेकून बसतो. ससा अंगातली उष्णता कानांवाटे टाकतो, म्हणून ओल्या फडक्याने कान पुसा, आंघोळ नाही. तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागला तर लगेच डॉक्टर, आणि बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

प्रश्न (सातारा): ऊसतोडीत सशाचं पिल्लू सापडलं, घरी ठेवू का? मुलगी विचारते, हाच का चांदोबावरचा?

उत्तर: ठेवू नका. तो रानससा, 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि पिंजऱ्यात तो भीतीनेच मरू शकतो. घरातल्या सशांचं मूळ स्पेन-पोर्तुगालकडचं, ते बिळात राहणारे, पिल्लं उघडी आणि डोळे मिटलेली जन्मतात. रानससा बीळ करत नाही, पिल्लू केसांसकट, डोळे उघडेच. आई मुद्दामच दिवसभर लांब राहते आणि अंधार पडल्यावर पाजायला येते, म्हणजे ते टाकलेलं नाहीये. जवळच्या बांधावर गवतात ठेवा आणि लांब व्हा. जखमी असेल तर वनविभाग, हेल्पलाइन 1926.

मुलीला सांगा, हो, तोच! म्हणून तर चंद्राला शशांक म्हणतात. जातककथेत याचकाला द्यायला काही नाही म्हणून ससा स्वतःच आगीत उडी घेतो आणि शक्र, म्हणजे इंद्र, त्याचं चित्र चंद्रावर काढतो. जपानमध्ये तोच ससा तिथे भात कुटतो, चीनमध्ये औषध, आणि चीनने 2013 मध्ये चंद्रावर गाडी उतरवली तिचंही नाव युतू, म्हणजे जेड नावाच्या मौल्यवान दगडाचा ससा. गोष्टीतला ससा आपलाच रानातला, मोकळा, तेव्हा पिल्लू सोडायला मुलीलाही बरोबर न्या.

प्रश्न (पुणे): एकटा कंटाळतो, मादी आणू का?

उत्तर: जोडी छानच, एकमेकांचं डोकं चाटत बसतात. पण आधी दोघांची नसबंदी, कारण 31 दिवसांत पिल्लं होतात आणि व्यायल्यावर मादी लगेच पुन्हा गाभण राहू शकते. मादीला वयाबरोबर गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचा धोकाही ऑपरेशनने टळतो. नराचं झालं तरी काही आठवडे तो पिल्लं देऊ शकतो, तोवर दोघांमध्ये जाळी ठेवा.