अमेरिकेतील क्रेडिट रिपोर्ट फ्रीज कसा करावा आणि पुन्हा कसा उघडावा?

इंदूरहून नोकरीसाठी अमेरिकेला गेलेल्या आपल्या मुलाच्या नावावर कुणी परस्पर कर्ज काढू नये म्हणून काय करावे, असे आपण विचारले आहे. त्याने इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या क्रेडिट रिपोर्ट (कर्ज व परतफेडीच्या नोंदी) ठेवणाऱ्या तिन्ही संस्थांकडे स्वतंत्रपणे फ्रीज (नव्या कर्जदात्यांना रिपोर्ट पाहू न देणारी बंदी) लावावा. एकीकडे लावल्याने तो दुसरीकडे आपोआप लागत नाही, आणि नेमके हेच अनेकांकडून राहून जाते. 2018 पासून ही सोय तेथील कायद्याने विनामूल्य आहे. ऑनलाइन किंवा फोनवरून विनंती केल्यास फ्रीज कामकाजाच्या एका दिवसात लागतो आणि तासाभरात उठतो. घर भाड्याने घेताना घरमालक कोणत्या संस्थेचा रिपोर्ट पाहणार आहे हे आधी विचारून, तेवढ्याच संस्थेकडचा फ्रीज ठरावीक तारखांपुरता उठवावा, म्हणजे तो पुन्हा लावायचे विसरण्याचा प्रश्नच उरत नाही. चालू कार्डावरचे गैरव्यवहार मात्र यामुळे थांबत नाहीत.

आपण स्वतः इंदूरमध्ये बँकेकडे मोबाइल क्रमांक अद्ययावत ठेवावा, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आपला रिपोर्ट कुणी पाहिल्यास एसएमएस किंवा ईमेल येतो. चौकशी अनोळखी वाटल्यास त्याच दिवशी लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत निवारण न झाल्यास पुढे दररोज 100 रुपये भरपाई मिळण्याचा आपल्याला हक्क आहे.