तुम्ही विचारलं: कबुली दिली म्हणजे केस संपली का?

प्रश्न: रात्री साडेनऊची ती नवीन पोलीस मालिका आम्ही बघून राहिलो, नागपूरची गोष्ट आहे म्हणून. कळमन्याच्या मिरची गोदामात व्यापाऱ्याचा खून होतो आणि एक पीएसआय बाई तपास करते. तिसऱ्या भागात आरोपीनं सगळं कबूल केलं, आणि मग चौथा अख्खा भाग पंच बोलवा, व्हिडिओ काढा, पिशवी सील करा यातच गेला. आमचे हे म्हणतात उगाच ताणून राहिले. खरंच असं असतं का? (एक वाचक, नंदनवन)

उत्तर: ताई, मला तर चौथा भागच सगळ्यात जास्त आवडला, आणि का ते जरा सविस्तर सांगते, कारण मी क्रिमिनल साइडला वकिली करते, सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात हेच रोज बघते. पोलिसापुढं दिलेली कबुली आपल्याकडे आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालतच नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला त्यात ते कलम २३ झालं, पण नियम तोच ठेवला आणि फार बरं केलं, नाहीतर कोठडीत चार फटके देऊन कोणाकडूनही काहीही वदवून घेतलं असतं. म्हणून ज्या मालिकेत साहेबानं कानाखाली वाजवली, आरोपी रडत रडत "हो, मीच मारलं" म्हणाला आणि गोष्ट संपली, तिथं खऱ्या केसमध्ये अजून काहीच हाती आलेलं नसतं.

मग उपयोग कशाचा? तर आरोपी जेव्हा म्हणतो की हत्यार कुठं लपवलं ते मी काढून देतो, तेव्हा दोन पंचांसमोर त्याचं ते बोलणं लिहून घेतात, याला मेमोरंडम पंचनामा म्हणतात. मग पोलीस, पंच आणि आरोपी गाडीत बसतात, रस्ता आरोपी सांगतो, आणि वस्तू खरंच तिथं सापडली तर त्याच्या बोलण्यातला फक्त तेवढा भाग, ज्याच्यामुळं ती सापडली, तो कोर्टात चालतो. मालिकेत नेमकं हेच दाखवलं. आरोपी पोत्यांच्या थप्पीमागं हात घालतो, सुरा निघतो, हवालदार तो ब्राउन पेपरमध्ये गुंडाळतो, सुतळी बांधतो, लाख वितळवून सील मारतो आणि लेबलवर पंचांच्या सह्या घेतो. तेवढा वेळ कॅमेरा त्या हातांवरून हलला नाही. दिग्दर्शकानं हे केलं याचा मला मनापासून आनंद झाला, कारण दोन-चार वर्षांनी तोच पंच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि आमच्यासारखे वकील त्याला विचारतात, सुरा कशात गुंडाळला होता, सही तुम्ही गोदामात केली की ठाण्यात बसून केली. तिथं तो गडबडला किंवा फितूर झाला तर एवढी मेहनत पाण्यात जाते. आणि मोबाईलवर शूटिंग करत होते ते पण नाटक नाही, झडती-जप्तीचं रेकॉर्डिंग आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी तपास-खटल्याच्या नवीन कायद्याच्या, कलम १०५ नं सक्तीचं आहे.

एक चूक मात्र खटकली. दुसऱ्या भागात हमालाचा जबाब घेतला आणि खाली त्याची सही घेतली. फिर्यादीवर फिर्यादीची सही लागते, पण तपासात पोलीस साक्षीदाराचा जो जबाब लिहितात त्याच्यावर सही घ्यायचीच नाही असं कायदा सांगतो. एवढं सगळं बरोबर केलं तर हे पण विचारून घ्यायला हवं होतं.

प्रश्न: त्यात रक्ताचा रिपोर्ट त्याच रात्री आला. खरंच इतक्या लवकर येतो? (एक कॉलेजविद्यार्थी, प्रतापनगर)

उत्तर: नाही बाळा. आम्ही कोर्टात त्याला सीए रिपोर्ट, म्हणजे केमिकल अॅनालायझरचा रिपोर्ट, म्हणतो आणि त्याची वाट बघण्यात तारखा जातात. प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा नागपुरातच आहे, तरी मुद्देमाल सीलबंद पाठवायचा, पत्र जोडायचं, कोण शिपाई घेऊन गेला त्याची नोंद ठेवायची, आणि तिथं आधीच रांग असते. सात वर्षं किंवा त्याच्यावर शिक्षा असलेल्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्यांनी घटनास्थळी गेलंच पाहिजे अशी तरतूद नवीन कायद्यात आहे, म्हणजे हे काम अजून वाढणार. मालिकेनं रिपोर्ट उशिरा आणला असता आणि तोवर त्या बाईला दुसऱ्या पुराव्यावर चालायला लावलं असतं तर गोष्ट जास्त रंगली असती असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: प्रत्येक पात्र दर वाक्याला "काऊन बे" म्हणते, आपण असेच बोलतो का? (एक वाचक, महाल)

उत्तर: तुमचा राग मला समजतो, मला पण तेच वाटलं. आपल्याकडचा हवालदार हातठेलेवाल्याशी हिंदीत बोलतो, फिर्याद द्यायला आलेल्या म्हाताऱ्या बाईला "बसा ना माय" म्हणतो, साहेब आले की लगेच पुस्तकी मराठीवर येतो, आणि हे सगळं पाच मिनिटांत होते. असा बदल मालिकेतल्या पात्रांपैकी एकट्या जमादाराच्या तोंडी नीट आला, बाकीच्यांना नुसतं बे आणि बापा चिकटवून दिलं. आणि मिरचीच्या गोदामात दहा माणसं उभी आहेत अन् एकालाही ठसका लागत नाही, कोणाच्या नाकाला रुमाल नाही, हे कसं? सीझनमध्ये कळमन्याच्या मिरची बाजारात नुसतं शिरलं तरी डोळ्यांतून पाणी येते. शूटिंग दुसरीकडे कुठं केलं असेल तर निदान इथं येऊन एक दिवस बघून जायचं होतं.

प्रश्न: मुलगा बारा वर्षांचा आहे, सोबत बसवू का? (एक आई, मानेवाडा)

उत्तर: पहिल्या भागातलं प्रेत सोडलं तर बसवा, आणि पंचनाम्याच्या वेळी तो प्रश्न विचारेल, त्याला उत्तरं द्या.

प्रश्न: पुढं बघण्यासारखं काही उरलं का? आरोपी तर सापडला. (एक निवृत्त शिक्षक, धरमपेठ)

उत्तर: सर, माझ्या मते खरी गोष्ट आता सुरू होते. अटकेनंतर २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं, पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी मागायची, ती किती दिवस मिळते ते बघायचं, आणि खुनाच्या केसमध्ये ९० दिवसांत चार्जशीट गेली नाही तर आरोपी जामिनाचा हक्कदार होतो, मग पुरावा कितीही पक्का असो. सीए रिपोर्ट, पीएम म्हणजे पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट, मोबाईलचे सीडीआर म्हणजे कॉलच्या नोंदी, हे सगळं गोळा करता करता ते दिवस कसे संपतात हे आमच्याकडच्या कोणत्याही तपासी अंमलदाराला विचारा. त्यात या पीएसआय बाईच्या हाताखाली माणसं तीन आणि गणपतीचा बंदोबस्त तोंडावर आलेला, तो चौथ्या भागाच्या शेवटी दाखवलाच आहे. लेखकानं तो उगाच घातला नसेल असं मला वाटते, त्या ९० दिवसांचं पुढं काय करतात ते बघायला मी सोमवारी बसणार आहे.