बसवलंय सगळं, पण दिसत नाही! : वाचकांचे प्रश्न

घरी पीसी जोडणाऱ्यांचे या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत, पार्ट नीट बसवलाय, केबल लावलीय, पण कॉम्प्युटरला तो दिसतच नाही. उत्तरं वाचायच्या आधी एक काम करा. पीसी चालू करताना डिलीट किंवा एफ2 दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जा आणि तो पार्ट तिथे दिसतोय का बघा. बायोसला दिसत नसेल तर विंडोज दहा वेळा टाकूनही काही होणार नाही, आणि बायोसला दिसत असेल तर कॅबिनेट उघडून स्क्रू फिरवत बसायची बहुतेक वेळा गरज नसते. एवढं आधी कळलं तरी अर्धा दिवस वाचतो.

प्रश्न : ताई, मी एम.2 वाली नवीन एसएसडी लावली, ती लगेच दिसली पण जुनी हार्डडिस्क गायब झाली, तिच्यात सगळे फोटो आहेत. केबल काढून परत लावली तरी नाही. एसएसडी काढली की हार्डडिस्क परत येते. हार्डडिस्क खराब झाली का?

नाही हो, घाबरू नका, फोटो जागच्या जागी आहेत. एसएसडी काढल्यावर डिस्क परत येते हे तुम्ही स्वतःच करून पाहिलंत ते फार बरं झालं, कारण उत्तर त्यातच आहे. मदरबोर्डच्या चिपसेटकडे लेन म्हणजे डेटा जायचे रस्ते मोजकेच असतात, त्यामुळे बऱ्याच बोर्डांवर एम.2 चा (पट्टीसारखी एसएसडी थेट बोर्डावर बसते तो) एखादा स्लॉट आणि साटाचे (हार्डडिस्कची केबल लागते ते) एकदोन पोर्ट हे एकच रस्ता वाटून घेतात. स्लॉटमध्ये एसएसडी बसली की ते पोर्ट बंद, आणि बोर्ड तुम्हाला तसं कुठे सांगत पण नाही. कुठल्या स्लॉटमुळे कुठला पोर्ट जातो हे प्रत्येक बोर्डाचं वेगळं असतं. काही बोर्डांवर एनव्हीएमई, म्हणजे जास्त वेगवान प्रकारची एम.2 एसएसडी, लावली तरच पोर्ट जातो, काहींवर साटावाली एम.2 लावली तरच, आणि काहींवर साटा सगळे शाबूत राहतात पण खालचा पीसीआयई स्लॉट, म्हणजे जादा कार्ड बसवायची जागा, बंद पडतो. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये याचा एक छोटा तक्ता असतो, बॉक्समधलं पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या साइटवर बोर्डाचं मॉडेल टाकून पीडीएफ उतरवून घ्या.

मग पीसी बंद करा, मागचं बटण ऑफ करून वायर काढा आणि टॉर्च घेऊन साटा पोर्ट बघा. प्रत्येक पोर्टच्या शेजारी बोर्डावर बारीक पांढऱ्या अक्षरात साटा आणि पुढे नंबर छापलेला असतो, दोन पोर्ट एकावर एक असतील तर वरचा कुठला आणि खालचा कुठला हे नीट वाचा कारण तिथेच गफलत होते. तक्त्यात जो पोर्ट चालू राहतो असं दिलंय त्यात हार्डडिस्कची केबल लावा, झालं. बोर्डावर एम.2 चे दोन स्लॉट असतील तर एसएसडी दुसऱ्यात हलवूनही काम होतं, पण मला केबल बदलणंच सोपं वाटतं.

उलटा त्रासही बऱ्याच जणांना होतो, नवीन एम.2 एसएसडीच बायोसला दिसत नाही. एम.2 हा फक्त आकार आहे, आत साटा असू शकतं किंवा एनव्हीएमई, आणि काही स्लॉट दोन्ही घेतात तर काही एकच. फक्त एनव्हीएमई घेणाऱ्या स्लॉटमध्येही साटावाली एसएसडी व्यवस्थित बसते, स्क्रूही लागतो, पण दिसत नाही. साधारणपणे सोनेरी पिनांच्या पट्टीत दोन खाचा असतील तर साटा आणि एकच असेल तर एनव्हीएमई, अपवाद असतात म्हणून स्टिकरवर वाचून खात्री करा. आणि बसवताना ती तिरकी धरून शेवटपर्यंत आत सारायची, सोडल्यावर ती वर उचललेली राहते आणि मग दाबून स्क्रू लावायचा. सोनेरी पट्टी बाहेर बरीच दिसत असेल तर ती पूर्ण आत गेलेली नाही.

प्रश्न : नवीन एसएसडी बायोसमध्ये नावासकट दिसते पण विंडोजच्या दिस पीसीमध्ये नाही. पीस खराब आलाय का, परत करू का?

परत करू नका, चांगली आहे. नवीन डिस्क कोरी येते, तिच्यावर पार्टिशन, म्हणजे जागेची आखणी, नसतं म्हणून विंडोज तिला ड्राइव्हचं अक्षर देत नाही. स्टार्टवर राइट क्लिक करा, डिस्क मॅनेजमेंट उघडा, इनिशियलाइज करायचं (डिस्क वापरासाठी तयार करायची) का विचारेल तिथे जीपीटी आणि एमबीआर या दोन पद्धतींपैकी जीपीटी निवडा. एमबीआर निवडलं तर 2 टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. मग काळ्या पट्टीवर राइट क्लिक करून न्यू सिंपल व्हॉल्यूम, पुढे नेक्स्ट नेक्स्ट.

पण एक गोष्ट अगदी मनापासून सांगते. डेटा असलेली जुनी डिस्क लावल्यावर विंडोजने इनिशियलाइज विचारलं किंवा फॉरमॅट करू का म्हणून विचारलं तर कॅन्सल दाबा. तिथे हो म्हणायचं नाही. आधी ती डिस्क दुसऱ्या केबलवर, दुसऱ्या पोर्टवर, जमलं तर दुसऱ्या पीसीवर लावून बघा.

प्रश्न : 16 जीबीच्या दोन रॅम घेतल्या, 32 दिसायला पाहिजे तर 16 च दिसतात. दोन्ही रॅम चार वेळा काढून लावल्या. एक रॅम डेड आली असं समजायचं का?

इतक्यात नका समजू. आधी विंडोजमध्ये टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी इथे जाऊन बघा, किती स्लॉट वापरात आहेत ते आणि हार्डवेअर रिझर्व्ह्ड, म्हणजे विंडोजला वापरायला न मिळणारी रॅम, किती ते तिथे दिसतं. बायोस 32 दाखवत असेल आणि विंडोज 16 च वापरत असेल तर एमएसकॉन्फिग उघडून बूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये मॅक्सिमम मेमरीवर टिक आहे का बघा. कुठल्यातरी व्हिडिओत स्पीड वाढेल म्हणून ती टिक करायला सांगतात आणि लोक करून विसरून जातात, ती काढा आणि रीस्टार्ट करा.

बायोसलाच 16 दिसत असेल तर मग कॅबिनेट उघडायचं. चार स्लॉट असतील आणि रॅम दोन, तर बहुतेक बोर्डांवर सीपीयूकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो, स्लॉटच्या कडेला ए2 आणि बी2 छापलेलं असतं. आता हल्ली बऱ्याच बोर्डांवर रॅमला लॉक फक्त वरच्या बाजूला असतं, खालची बाजू नुसतीच खाचेत बसते, आणि तुम्ही वरून दाबल्यावर कट्ट आवाज येतो म्हणून वाटतं बसली, पण खालचं टोक अर्धा मिलीमीटर वर राहिलेलं असतं. मोठं ग्राफिक कार्ड लावलेलं असेल तर ते टोक त्याच्यामागे लपलेलं असतं, दिसतच नाही. म्हणून कार्ड काढा, दोन्ही टोकांवर अंगठे ठेवा, एकाच वेळी सरळ खाली दाबा आणि मग वाकून बाजूने बघा, पट्टीची कड स्लॉटला समांतर पाहिजे.

तरी 16 च असेल तर अदलाबदल करून बघायचं, पण एका वेळी एकच गोष्ट बदला आणि कागदावर लिहून ठेवा, नाहीतर तिसऱ्या प्रयत्नाला कुठली रॅम कुठे होती ते आठवत नाही. एका रॅमवर पेन्सिलने नाही तर छोटा चिकटपट्टीचा तुकडा लावून खूण करा. पहिली एकटी ए2 मध्ये लावा, चालू करा. मग दुसरी एकटी ए2 मध्ये. दोन्ही चालल्या तर दोन्ही रॅम चांगल्या, मग त्यातलीच एक बी2 मध्ये एकटी लावा. बी2 मध्ये कुठलीच चालत नसेल तर दोष रॅमचा नाही, तुम्ही रॅम बदलून आणली असती तरी हेच झालं असतं.

आणि मग संशय येतो सीपीयूच्या सॉकेटवर, हे फार लोकांच्या लक्षात येत नाही. रॅमचा कंट्रोलर आजकाल सीपीयूच्या आतच असतो, त्यामुळे सॉकेटची एखादी पिन वाकली किंवा कूलरचा एका बाजूचा स्क्रू जास्त आवळला गेला तर बाकी सगळा पीसी मस्त चालतो पण रॅमचं एक चॅनल, म्हणजे सीपीयूकडून रॅमकडे जाणारा एक रस्ता, मरतं. कूलरचे चारही स्क्रू ढिले करा आणि कर्णाने, म्हणजे समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. तेवढ्याने आलं तर आलं. नाहीच आलं तर सीपीयू काढून सॉकेटवर तिरका उजेड मारून बघा, सगळ्या पिना एकसारख्या चमकतात आणि वाकलेली वेगळी चमकते. परत बसवताना नवीन थर्मल पेस्ट लागेल. वाकलेली पिन सापडली तर स्वतः सरळ करायला जाऊ नका, फोटो काढा आणि जाणकाराला दाखवा, ती फार नाजूक असते.

अजून एक, डीडीआर5, म्हणजे नव्या पिढीची रॅम, असेल तर रॅम बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते, बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करत असतो, म्हणजे तिच्याशी जुळवून घेत असतो. लोक घाबरून मध्येच बंद करतात आणि मग ते परत पहिल्यापासून सुरू होतं. थांबा जरा.

प्रश्न : ग्राफिक कार्डचे पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, मॉनिटर नो सिग्नल म्हणतो.

पहिलं, मॉनिटरची केबल कार्डात आहे का मदरबोर्डात ते बघा. सीपीयूच्या नावाशेवटी एफ असेल, इंटेलचा म्हणतेय मी, तर त्यात ग्राफिक्स नसतंच, मग मदरबोर्डच्या एचडीएमआयमधून कधीच काही येणार नाही. दुसरं, पंखे फिरणं म्हणजे पॉवर पूर्ण मिळणं नव्हे. स्लॉटमधून जास्तीत जास्त 75 वॉट मिळतात, पंखे तेवढ्यावर फिरतात, पण कार्डाच्या डोक्यावर 8 पिनचं सॉकेट असेल तर ते रिकामं ठेवून चालत नाही, आणि तिथे लागते ती 6 अधिक 2 पिनची पीसीआयईची केबल. 4 अधिक 4 ची केबल सीपीयूची, दिसायला सारखी पण वायरिंग वेगळं, जोर लावून बसवू नका. तिसरं, बोर्डावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशा चार बारीक लाइट असतील तर कुठली लागून राहते ते बघा. डीरॅमची, म्हणजे रॅमची, राहिली तर कार्डाला दोष देऊ नका, रॅमचं वरचं उत्तर वाचा.

प्रश्न : नवीन पीसीवर विंडोज टाकताना ड्राइव्हची यादी पूर्ण रिकामी येते. बायोसमध्ये मात्र एसएसडी दिसते. पेन ड्राइव्ह दोनदा नव्याने बनवला.

इंटेलचा 11व्या जनरेशनचा किंवा पुढचा सीपीयू असेल तर हे व्हीएमडीमुळे असण्याची दाट शक्यता आहे. व्हीएमडी चालू असलं की एसएसडी इंटेलच्या कंट्रोलरमागे जाते आणि विंडोजच्या सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर नसेल तर यादी रिकामी. रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरणं) वगैरे काही करायचं नसेल तर बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करा आणि सेटअप परत चालवा. नाहीतर इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवून, उलगडून पेन ड्राइव्हवर टाका आणि लोड ड्रायव्हरमधून दाखवा. उलगडून म्हणजे आत आयएनएफ फाइल दिसली पाहिजे, नुसती इन्स्टॉलरची फाइल टाकली तर सेटअपला ती कळत नाही. मात्र ज्यांचं विंडोज व्हीएमडी चालू ठेवून टाकलेलं आहे त्यांनी ते उगाच बंद करू नका, निळी स्क्रीन येऊन विंडोज चालू व्हायचं थांबेल. तसं झालंच तर सेटिंग परत पहिल्यासारखं करा.

प्रश्न : पीसीआयई वायफाय कार्ड लावलं, वायफाय चालतं पण ब्लूटूथ दिसतच नाही. ड्रायव्हर तीन वेळा टाकला.

ड्रायव्हरचा प्रश्न नाही. अशा कार्डावर वायफाय पीसीआयईवर चालतं आणि ब्लूटूथ यूएसबीवर, म्हणून बॉक्समध्ये एक बारीक केबल येते, ती कार्डातून मदरबोर्डच्या खालच्या 9 पिनच्या यूएसबी हेडरला लावायची. बॉक्स परत उघडून बघा, पिशवीत तशीच पडलेली असेल. आणि ज्यांना नवीन विंडोजमध्ये वायफाय, लॅन काहीच दिसत नाही आणि ड्रायव्हर उतरवायला नेट नाही, त्यांनी फोन यूएसबीने जोडून टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट पीसीला देणं, चालू करा, अँड्रॉइड फोन बहुतेक वेळा लगेच चालतो.

प्रश्न : हार्डडिस्क कधी दिसते कधी नाही, कॉपी करताना मध्येच गायब होते. एसएमपीएस (पॉवर सप्लाय) नुकताच बदललाय, केबली मात्र जुन्याच ठेवल्या कारण त्या आतून छान बांधलेल्या होत्या.

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचून मी लगेच हे लिहायला घेतलं. पीसी बंद करा आणि त्या जुन्या केबली काढा. मॉड्युलर, म्हणजे केबली वेगळ्या निघणाऱ्या, एसएमपीएसच्या केबली एसएमपीएसच्या बाजूने सगळीकडे सारख्या नसतात, प्लग बसतो पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही. 5 व्होल्टच्या तारेत 12 व्होल्ट गेले की डिस्क तिथेच संपते. माझी 2 टीबीची डिस्क अशीच गेली, मीही असाच विचार केला होता की केबली बांधलेल्या आहेत तर कशाला काढा, चालू केल्यावर जळका वास आला आणि त्यातलं माझ्या भाचीच्या बारशाचं शूटिंग परत मिळालं नाही. तुमची डिस्क अजून चालतेय याचा अर्थ बहुतेक तारा जुळलेल्या आहेत, पण त्यावर विसंबू नका, नवीन एसएमपीएसबरोबर आलेल्याच केबली लावा.

त्यानंतर चालू करून टिक टिक किंवा खरखर आवाज येतो का ऐका. येत असेल तर टेस्ट, स्कॅन, डीफ्रॅग काही करू नका, आधी महत्त्वाचं कॉपी करून घ्या. आवाज नसेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम टाकून दोन आकडे वहीत लिहा, यूडीएमए सीआरसी एरर काउंट (केबलमधून डेटा जाताना झालेल्या चुका) आणि करंट पेंडिंग सेक्टर (डिस्कवरच्या नीट वाचता न येणाऱ्या जागा). मग साटाची डेटा केबल बदला आणि दोनतीन दिवस वापरून परत बघा. सीआरसीचा आकडा कमी कधी होत नाही, पण केबल बदलल्यावर वाढायचा थांबला तर दोष केबलचा होता. पेंडिंग सेक्टर वाढत असतील तर डिस्क जातेय, तिच्यावर नवीन काही ठेवू नका आणि जमेल तेवढं आजच दुसरीकडे उतरवा, सगळ्यात आधी जे परत कुठूनच मिळणार नाही ते.