शेडवर चोर आला तर काठी उचलायची का?

प्रश्न : आमची तासगावजवळ द्राक्षबाग हाय, बेदाण्याचं शेड पण हाय. दोनदा माल चोरीला गेला. शेजारी म्हणतो रात्री कुंपणाला करंट सोड, चोर आला तर आपण कायद्यानं मोकळे. खरंय का?

उत्तर : दादा, पहिलं काम म्हणजे ती वायर डोक्यातनं काढा. करंटला चोर कोण अन् पहाटे पाणी धरायला आलेला गडी कोण हे कळत नाय, माणूस गेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा तुमच्यावरच लागू शकतो. जनावरांसाठी ते झटका मशीन येतं ते वेगळं, त्यात डायरेक्ट लाईन नसते.

आता काठीचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची, आणि त्यात मालमत्ता पण येते बरं का. चोर माल उचलताना दिसला तर अडवा, धरा, झटापट झाली तर गरजेपुरता मार चालतो. पण तो माल टाकून पळाला, किंवा तुम्ही त्याला धरून बांधला, की हक्क संपला, नंतर अख्ख्या गावानं मिळून धुतला तर तो सरळ गुन्हा (आणि आपल्याकडं हेच जास्त होतं). जीव जाईपर्यंतचा बचाव फक्त जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, घर किंवा गोदाम पेटवणं, नायतर चोरी करताना जिवावर बेतेल अशी खरी भीती असेल तरच, कलम ४१. नुसते चार क्रेट उचलले म्हणून नाय. आधीच सुगावा लागला असेल तर ११२ ला फोन लावा.