तिसऱ्या दिवसाचा आरसा

प्रिय डॉक्टरीणबाई,

फेसलिफ्टच्या पेशंटशी ऑपरेशनआधी बोलायचं काम आता तुझ्याकडे आलंय आणि "सर, नेमकं काय काय सांगू?" असं तू विचारलंयस. टाके घालायला तुला कोणीही शिकवेल. हे बोलणं मी मात्र फार उशिरा शिकलो, म्हणून जरा लांबण लावतो.

पेशंट समोर बसली की आधी तिच्या हातात आरसा दे आणि गप्प राहा. बहुतेक जणी एकच गोष्ट करतात. दोन्ही तळवे कानांपुढे टेकवून गाल वर-मागे ओढतात आणि म्हणतात, "एवढंच हवंय." सगळा घोळ त्या "एवढंच"मध्ये आहे. हाताने ओढली जाते ती त्वचा, आणि आपण तर त्वचेवर ताण ठेवायचं टाळतो. ठेवला तर व्रण रुंदावतात, कानाची पाळी खाली खेचली जाते आणि माणूस सोसाट्याच्या वाऱ्यात उभा असल्यासारखा दिसतो. ताण पेलायचा तो त्वचेखालच्या थराने, आपल्या 'स्मास'ने. १९७६ साली मित्झ आणि पेरोनी यांनी त्याचं वर्णन केलं आणि या ऑपरेशनचा नूरच पालटला. पेशंटला ही नावं सांगत बसू नकोस. "कापड ताणत नाही, आतलं अस्तर नीट बसवतो" म्हटलं की तिला कळतं.

मग काय होणार नाही ते सांग. जबड्याच्या कडेला लोंबणारा भाग आणि सैल पडलेली मान सुधारते. नाकापासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घळ थोडीच भरते. कपाळ, पापण्या, ओठावरच्या बारीक उभ्या रेषा, डाग यांना हातही लागत नाही. "मग केलंत काय तुम्ही?" असं एका बाईंनी मला टाके काढताना विचारलं होतं. चूक त्यांची नव्हती, मीच आधी बोललो नव्हतो.

सिगारेटबद्दल भीड ठेवू नकोस. उचललेली त्वचा बारीकसारीक रक्तवाहिन्यांवर जगते आणि निकोटिनने नेमक्या त्याच आकसतात. कानामागची त्वचा काळी पडताना एकदा पाहिलीस की विसरणार नाहीस. ऑपरेशनआधी निदान ४ आठवडे आणि नंतरही बंद, निकोटिनचं च्युइंगमसुद्धा. "सोडलीये हो" याचा अर्थ बरेचदा "कमी केलीये" असा असतो, तेव्हा पुन्हा विचार. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही विचार, पण त्या तिने मनानेच थांबवायच्या नाहीत. ज्या डॉक्टरांनी दिल्यात त्यांच्याशी तू बोल.

पहिले २४ तास आपल्या काळजीचे. त्वचेखाली रक्त साठणं हा इथला नेहमीचा धोका, पुरुषांमध्ये आणि रक्तदाब चढलेल्यांमध्ये जास्त. उमेदवारीच्या काळात एका रात्री पेशंट म्हणाली, "डावी बाजू फार आवळतेय." मी पट्टी न सोडता वेदनाशामक गोळी लिहिली आणि झोपायला गेलो. पहाटे तिला पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. दुखणं एकाच बाजूला असेल आणि वाढत असेल तर पट्टी सोडून बघायची, आणि तशी तक्रार लगेच करायची असते हे पेशंटलाही आधी माहीत हवं.

पेशंटची खरी परीक्षा पुढे असते. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त येते. एक गाल दुसऱ्यापेक्षा मोठा, जखमेचा निळाजांभळा रंग मानेपर्यंत उतरलेला, हसताना ओठ जड. आरशात ओळखू न येणारी बाई, आणि हे आपण हौसेने करवून घेतलं, हा विचार. रडू येतं. काही दिवस मन उदास राहणं इतकं नेहमीचं आहे की मी घरच्यांनाही समोर बसवून सांगतो. त्यांच्यापैकी कोणी "कशाला केलंस?" म्हणालं की संपलंच.

कानापुढचे टाके ५ ते ७ दिवसांत निघतात, मागचे थोडे उशिरा. चारचौघांत जाण्याजोगा चेहरा व्हायला २ ते ३ आठवडे, जड व्यायामाला ४ ते ६, व्रण फिकट व्हायला वर्षभरही लागतं. गाल आणि कानाची पाळी काही महिने बधिर राहू शकते. केस वाळवायचं यंत्र गरम हवेवर लावू नका असं आवर्जून सांग, कारण भाजलेलं कळत नाही. पुरुषांना दाढीचंही सांग. त्वचा मागे सरकते आणि मग काहींना कानामागेही वस्तरा फिरवावा लागतो. हे ऐकून एक गृहस्थ मोठ्याने हसले आणि ऑपरेशन न करता घरी गेले. ठीकच झालं.

किती वर्षं टिकेल, हा प्रश्न येणारच. साधारण ७ ते १० वर्षं म्हण, पण वय चालूच राहतं हेही त्याच वाक्यात सांग, वेगळं नको.

आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या फोनची वाट बघू नकोस. तूच कर. "आरसा पाहिलात ना?" एवढं विचार आणि मग ती बोलेल तितका वेळ ऐकत राहा.

तुझे,
सर