शेणखतात सापडलेला हा प्राणी साप आहे की गांडूळ?

दोन्ही नाही. तुम्ही लिहिलंय की शेणखत उपसताना वीतभराहून मोठा, निळसर करडा, बुळबुळीत प्राणी निघाला, अंगावर वळ्या होत्या आणि डिवचल्यावर त्याने तोंड उघडलं. हे देवगांडूळ. नात्याने बेडकाचा भाऊबंद. उभयचरांचे आज तीन गण शिल्लक आहेत: बेडूक, सॅलॅमँडर आणि हे बिनपायाचे. 'तोंड उघडलं' एवढ्यावरच गांडूळ बाद होतं, कारण गांडुळाला ना जबडा, ना दात, ना पाठीचा कणा. शेजारी विषारी म्हणाले तरी घाबरू नका, माणसाला याच्यापासून धोका नाही.

तुमचा गोंधळ होणं साहजिक आहे. प्राण्यांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने 1758 साली यांना सरळ सापांच्या रांगेत बसवलं होतं. पाय नाहीत, लांबडं अंग, झालं. पुढे 1831 साली योहानेस म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञाला नेदरलँड्समधल्या लायडनच्या संग्रहालयात देवगांडुळाच्या एका पिल्लाच्या मानेवर कल्ल्यांची छिद्रं दिसली. सापाच्या पिल्लाला कल्ले कधीच नसतात, बेडकाच्या पिल्लाला असतात. मी वर्गात वर्गीकरण शिकवताना हेच उदाहरण घेतो. पाठ्यपुस्तकातला 'सृष्टी, संघ, वर्ग, गण...' हा जिना मुलं घडाघडा म्हणतात, पण एखादा प्राणी कुठल्या पायरीवर का ठेवला हे त्यातून कळत नाही.

रूप फसवतं, कारण मातीत घुसून जगणाऱ्याला पाय अडचणीचेच. त्यामुळे एकमेकांशी जवळचं नातं नसलेले प्राणी सारखेच दिसायला लागतात. आपल्याकडे कुंडीत सापडणारा वाळा हा खरा साप आहे. कोरडे चकचकीत खवले, दुभंगलेली जीभ, आणि त्यात सगळ्या माद्याच, नराशिवाय अंडी घालणाऱ्या! सह्याद्रीतला खापरखवल्याही सापच, फक्त शेपूट तिरकी छाटल्यासारखी. देवगांडुळाची कातडी मात्र ओली आणि बुळबुळीत असते. डोळे कातडीखाली, काहींचे तर हाडाखाली दडलेले. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधल्या भागात एक बारीकशी स्पर्शिका, म्हणजे चाचपायला वापरायचा अवयव, असते. ती दिसली की शंकाच मिटली, कारण ती दुसऱ्या कुठल्याच प्राण्याला नसते. गंमत म्हणजे काही जातींच्या वळ्यांच्या आत बारीक खवलेही असतात. त्यामुळे 'खवले म्हणजे साप' हाही नियम इथे चालत नाही.

जगात यांच्या दोनशेहून अधिक जाती आहेत, आणि अजून नव्या निघतच आहेत. आंबोलीची एक जात 2003 साली नोंदली गेली, कोयनेजवळच्या हुंबर्लीची 2004 साली. 2012 साली तर दिल्ली विद्यापीठाच्या एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी ईशान्य भारतातून एक अख्खं कूळच नव्याने मांडलं. त्याचे सगळ्यात जवळचे नातलग आफ्रिकेत. भारत आणि आफ्रिका एकाच भूखंडाचे भाग होते, तेव्हाचं ते नातं.

यांच्या आयांबद्दल तर लिहावं तेवढं थोडं. आपल्याकडच्या काही जातींची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते. केनियातल्या एका जातीची पिल्लं आईची खास जाड झालेली कातडी खरवडून खातात. ब्राझीलमधली एक जात पिल्लांना दुधासारखा स्राव पाजते, हे तर 2024 मध्ये प्रसिद्ध झालं. दूध पाजतो तो सस्तन, हे वाक्य शाळेत इतक्या ठामपणे सांगणं आता मला जड जातं.

तुमच्याकडचा प्राणी अजून तिथेच असेल तर मातीसकट फावड्याने उचला आणि ओलसर पालापाचोळ्यात सोडा. उन्हात ठेवू नका, आणि जळवांवर टाकतात तसं मीठ तर अजिबात टाकू नका. तो कातडीतूनही श्वास घेतो. जात कोणती ते एवढ्या वर्णनावरून सांगता येणार नाही. त्यासाठी अंगावरच्या वळ्या मोजाव्या लागतात.