ब्रिटिश कुटुंबांची उन्हाळी सुट्टी

प्रश्न : ब्रिटनमधील कुटुंबे उन्हाळ्याची सुट्टी परदेशातच घालवतात का?

उत्तर : सगळीच नाही. परदेशांपैकी स्पेनला त्यांची सर्वाधिक पसंती असली आणि तिथल्या मायोर्का, बेनिडॉर्म या किनारी ठिकाणी जुलै-ऑगस्टमध्ये त्यांची झुंबड उडत असली, तरी मायदेशातलाच कॉर्नवॉल, डेव्हन किंवा वेल्सचा किनारा गाठणारी कुटुंबेही पुष्कळ आहेत. तेथे वारा इतका बोचरा असतो, की वाळूत खुंट्या ठोकून कापडाचा आडोसा उभारल्याशिवाय बसवत नाही. मुले मात्र गारठलेल्या पायांनी किल्ले बांधत राहतात.

ही ओढ जुनी आहे. उत्तर इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापडगिरण्या वर्षातून एकदा आठवडाभर बंद राहत आणि कामगार सहकुटुंब रेल्वेने ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावी जात. १९३६ मध्ये उद्योजक बिली बटलिन यांनी स्केग्नेस या किनाऱ्यावरील गावी सुट्टीत कुटुंबांनी राहायला येण्यासाठी वसाहत उघडली आणि १९३८ च्या कायद्याने पगारी रजेला बळ दिले, ही माझ्या मते कष्टकऱ्यांच्या दृष्टीने फार मोलाची गोष्ट होती.

आज खरी अडचण खर्चाची आहे. इंग्लंडमधील शाळांना जुलैअखेरपासून साधारण सहा आठवडे सुट्टी असते, त्याच काळात विमानभाडे कडाडते आणि परवानगीविना मुलांची शाळा बुडवल्यास पालकांना दंड होऊ शकतो.